बाविसाव्या मैलावरचं कुलूप

मॅरेथॉन पळण्यापेक्षा ती बघणं जास्त कष्टाचं असतं, असं नॉर्ब कुझावाचं ठाम मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगायचा. पळणाऱ्याला काय, नुसतं पळायचं असतं. बघणाऱ्याला सकाळी लवकर उठून फुटपाथवर खुर्ची टाकून जागा धरावी लागते, शेगडी पेटवावी लागते, सॉसेज करपू न देता भाजावे लागतात, कागदी पेल्यांत बिअर ओतावी लागते आणि एवढं करून वर घसा बसेपर्यंत ओरडावं लागतं. "ते दमले की त्यांच्या गळ्यात मेडल घालतात," नॉर्ब म्हणायचा. "आम्ही दमलो तर आम्हाला कुत्रं विचारत नाही."

अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराची ही मॅरेथॉन दर ऑक्टोबरात बरोबर त्याच्या दारावरून जायची. दारासमोरच्या खांबावर बाविसाव्या मैलाची पाटी लागायची. या मैलापर्यंत आलेला माणूस माणसात राहिलेला नसतो. कुणी रडत असतो, कुणी स्वतःशी भांडत असतो, कुणाला आपली आई रस्त्यात उभी दिसते. नॉर्बच्या मते हीच जागा बघायला सगळ्यात उत्तम होती आणि वर्षानुवर्षं तो तिथं सुखानं बसला होता.

मग एका वर्षी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको मार्लीस हातातलं सॉसेज बशीत ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "नॉर्ब, ही बाई माझ्याहून जाड आहे."

"कुठली?"

"ती बघ, गुलाबी टोपीवाली. माझ्याहून जाड आहे, माझ्याहून म्हातारी आहे आणि पळतेय. मग मी इथे बसून काय करतेय?"

"सॉसेज खातेयस," नॉर्ब म्हणाला. त्याला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. मार्लीस पळायला लागली. आधी कोपऱ्यापर्यंत, मग चर्चपर्यंत, मग तळ्याकाठानं थेट पुलापर्यंत. गेल्या वर्षी ती मॅरेथॉनमध्ये उतरली आणि बावीस मैल पळून स्वतःच्याच दारात येऊन पोहोचली. समोर आपलं घर, आपला सोफा, आपली मोरी! तिचे पाय आपोआप वळले आणि दारात ती रडायला लागली. नॉर्ब मऊ मनाचा माणूस. त्यानं धावत जाऊन दार उघडलं, टबात गरम पाणी सोडलं, वर तिच्या पायातले बूटही काढून दिले. संध्याकाळी मार्लीस रडायला बसली ती दोन दिवस रडत होती. चार मैल राहिले होते फक्त, आणि आपण आंघोळ करत बसलो!

म्हणून या वर्षी तिनं आदल्या रात्री नॉर्बला समोर बसवून बजावलं होतं.

"माझं ऐक. मी बाविसाव्या मैलाला येईन तेव्हा दार उघडायचं नाही. मी रडले तरी नाही, शिव्या दिल्या तरी नाही. बाहेरून कुलूप घालायचं, किल्ली तुझ्याकडे. माझ्या हातात ताकदीसाठी उकडलेले खारे बटाटे द्यायचे आणि म्हणायचं, चालती हो."

"असं कसं म्हणू मी तुला?"

"तीस वर्षं म्हणावंसं वाटलं असेल की कधीतरी. ते आठव. आणि तो बोलिंगचा नारिंगी शर्ट घाल. एरवी मला त्याचा तिटकारा आहे, पण लांबून दिसतो."

तो शर्ट लांबून दिसायचा हे खरं. जड गोळा घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या त्या बोलिंगच्या खेळातल्या नॉर्बच्या संघाचा होता तो, संत्र्यालाही लाज वाटेल असा नारिंगी, आणि छातीवर वीतभर अक्षरांत धाग्यानं शिवलेलं नाव: नॉर्ब.

तर त्या दिवशी सकाळी नॉर्बनं पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना कुलूप घातलं. शेजारच्या बेव्ह आजींकडे घराची जादा किल्ली असायची. ती मार्लीसनं स्वतःच परत आणून घरात ठेवली होती, म्हणजे वशिल्यालाही जागा नको. आता जगात एकच किल्ली बाहेर होती आणि ती नॉर्ब बोटाभोवती गरगर फिरवत खुर्चीत बसला होता. एका खिशात बायकोचे उकडलेले बटाटे, पायात बागेतल्या रबरी सपाता.

"बेव्ह, आज मी दगड आहे," तो म्हणाला.

"तू?" बेव्ह आजींनी गळ्यातली गाईची घंटा वाजवायची थांबवली. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई दरवर्षी ही घंटा वाजवून अर्धी गल्ली बहिरी करत. "अरे, तू टीव्हीवर साबणाची जाहिरात बघून रडतोस."

"बघाच तुम्ही."

दगडपणाची रंगीत तालीम हवी म्हणून नॉर्बनं येणाऱ्या-जाणाऱ्यावर हात साफ करायला सुरुवात केली. पळणाऱ्यांच्या छातीवरच्या नंबराखाली त्यांचं नाव छापलेलं असतं आणि ते वाचून हाक मारायची रीत आहे. नॉर्ब एकेकाला नावानं हाणू लागला. "ए ग्रेटा, चालतेस काय, बाजारात आलीस का? डग्लस, रड, पण पळता पळता रड!" कुणी पोटरी धरून थांबला की नॉर्ब खुर्चीतून अर्धवट उठायचा आणि तो माणूस घाबरून पुढे सटकायचा. असा अधिकार नॉर्बला आयुष्यात मिळाला नव्हता. तो पालिकेची बर्फ काढायची गाडी चालवायचा. हिवाळाभर लोक त्याला खिडकीतून मुठी दाखवायचे, कारण रस्ता मोकळा करताना बर्फ त्यांच्या दारात ढकलला जायचा.

इतक्यात लाल बंडीतला एक काटकुळा माणूस डुगडुगत आला आणि सरळ नॉर्बच्या शेजारी मार्लीसच्या रिकाम्या खुर्चीत बसला. नंबराखाली नाव होतं एल्डन. त्यानं जाड भिंगांचा चष्मा काढून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले.

"उठा," नॉर्ब म्हणाला.

"पाच मिनिटं, भाऊ."

"पाच सेकंद नाही. पाय दुखतात?"

"पाय आहेत की नाहीत तेच कळत नाहीये."

"मग दुखतायत कशाला? उठा! ही खुर्ची माझ्या बायकोची आहे आणि तिलासुद्धा मी आज बसू देणार नाहीये. नारिंगी शर्ट बघून ती येईल, मार्लीस नाव तिचं, आणि मी तिला असाच हाकलणार आहे. तुम्ही कोण लागून गेलात?"

एल्डननं त्याच्याकडे एकदा असं बघितलं, की बेव्ह आजींनी तोंड फिरवलं. मग तो उठला आणि गर्दीत मिसळला.

"बघितलंत?" नॉर्बची छाती नारिंगी फुगली. "दगड!"

"दगडा," बेव्ह आजी म्हणाल्या, "त्याचा चष्मा राहिला."

खरंच राहिला होता. आणि भिंगं अशी, की त्यांच्याविना त्या माणसाला रस्ता आणि तळं यातला फरक कळला नसता. नॉर्बचा दगड क्षणात विरघळला. त्यानं हातात होतं नव्हतं ते खुर्चीवर टाकलं, चष्मा उचलला आणि "एल्डन! ओ एल्डन!" करत रस्त्यावर उतरला. मार्लीस यायला अजून अवकाश होता. असा गेला नि असा आला, एवढंच काम.

पुढे एक लाल बंडी दिसत होती. नॉर्ब सपाता फटफटवत तिच्यामागे धावला आणि खांद्यावर हात ठेवला. तो एल्डन नव्हता. त्याच्या पुढे आणखी एक लाल बंडी होती. ती एक बाई निघाली आणि तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की नॉर्बनं चष्मा खिशात टाकून दोनदा माफी मागितली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घोळक्यानं त्याची छाती वाचली.

"शाबास, नॉर्ब!"

"चल नॉर्ब, चल!"

"सपाता घालून पळतोय बघा! भले शाबास!"

नॉर्ब थांबला. "नाही, नाही, मी पळत नाहीये," तो म्हणाला.

"हो तर! तू उडतोयस!" घोळका ओरडला.

तो परत फिरला. समोरून पळणाऱ्यांचा लोंढा येत होता आणि त्यात उलटं शिरणं म्हणजे नळात पाणी परत घालण्यासारखं होतं. त्यानं फुटपाथ गाठायचा बेत केला, तर दोन धिप्पाड पोरींनी त्याला खांद्याला धरून प्रेमानं रस्त्यावर वळवलं.

"सोडायचं नाही, नॉर्ब! चारच मैल राहिले!"

"अगं, मी इथलाच आहे. मागचं पांढरं घर माझं."

"बावीस मैलांनंतर सगळ्यांनाच वाटतं तसं," एक पोरगी दुसरीला हळूच म्हणाली. "डोक्यावर परिणाम होतो."

"माझी बायको येतेय! तिला मी दिसलो पाहिजे!"

"बायको शेवटी उभी असेल, काका! तिच्यासाठी पळा!"

हे सगळं नॉर्बनं स्वतः सकाळपासून लोकांना ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. कुणी खरंच घरी जाऊ मागत असेल असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं. पुढच्या चौकात त्यानं पोलिसाला गाठलं. "साहेब, मला बाहेर काढा."

पोलिसानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझा भाऊ गेल्या वर्षी इथेच हरला, नॉर्ब. आजही घरी तोंड वर करून बघत नाही. जा!"

नॉर्ब गेला. पुढे दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे सुरू झाले आणि बाहेर पडायचा प्रश्नच मिटला. मार्लीस आता दारात पोहोचत असेल. कुलूप बघेल, आणि नवरा कुठंय? दगड पळून गेला! त्यानं खिशावर हात मारला, काहीतरी टणक लागलं, तेव्हा जरा जिवात जीव आला. निदान किल्ली तरी आपल्यापाशी आहे. दार काही उघडणार नाही.

एका टेबलाशी पांढरे झगे घातलेली माणसं लाकडी काड्यांवर काहीतरी पांढरं चोपडून पुढे करत होती. दमलेल्यांना आइस्क्रीम वाटतायत असं समजून नॉर्बनं एक काडी चाटली. ते जांघेत लावायचं मलम होतं. ती चव घालवायला त्यानं खिशातला एक बटाटा खाल्ला. मग दुसरा. बायकोसाठी आणलेत हे तिसऱ्या बटाट्याच्या वेळी आठवलं, आणि तो शेवटचा होता.

आणि इथून पुढे नॉर्बचं काय झालं ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. मलम पोटात गेल्यामुळे असेल किंवा बटाट्यांमुळे असेल, पण दोन्ही कडांनी शेकडो माणसं त्याच्या नावानं ओरडत होती आणि त्याला ते आवडायला लागलं! हीच माणसं, हेच रस्ते. हिवाळ्यात इथेच एका बाईनं त्याच्या गाडीवर बर्फाचा गोळा मारला होता. बहुतेक तीच बाई आता "नॉर्ब, माझ्या राजा!" करून ओरडत होती. पोरं हात पुढे करत होती, नॉर्ब टाळ्या देत होता. कुणीतरी केळं दिलं. कुणीतरी बिअर दिली. ती तो नाही कशाला म्हणेल? त्याचं पळणं म्हणजे घाईनं चालणंच होतं, पण मध्येमध्ये खरोखरीचं पळणंही होत होतं. उद्यापासून रोज सकाळी पळायचं, त्यानं ठरवलं. उद्यापासून कशाला, आपण पळतोच आहोत की!

तेवढ्यात मागून आवाज आला.

"नॉर्ब कुझावा!"

हा आवाज त्याला गर्दीत, झोपेत आणि बोलिंगच्या गलक्यातही ओळखू यायचा. त्यानं वळून बघितलं. मागे मार्लीस होती. केस चेहऱ्याला चिकटलेले, तोंड लालबुंद, आणि डोळे असे की तो आपोआप पुढे सरकला.

"किल्ली दे!"

"तू इथे कशी?"

"कशी म्हणजे? पळत! दारात गेले तर दाराला कुलूप, आणि माझ्या खुर्चीत कोणीतरी आंधळा बसलेला, तुझं सॉसेज खातोय! जी बाई येईल तिला 'मार्लीस, चालती हो' म्हणून ओरडतोय! मला म्हणाला, तुमचा नवरा पळत गेला. मी म्हटलं, माझा नवरा बसच्या मागेसुद्धा पळत नाही!"

एल्डन! तो चष्मा शोधत परत गेला होता आणि आपण पुढे त्याला शोधत होतो. नॉर्बला हसू आलं, पण हसायला श्वास नव्हता.

"किल्ली दे, नॉर्ब. मी संपलेय. मला घरी जायचंय. मी टॅक्सी करून जाईन, कठडा चढून जाईन, पण मला आंघोळ पाहिजे." आणि ती रडायला लागली. गेल्या वर्षी दारात रडली होती अगदी तशीच.

नॉर्बचा हात खिशाकडे गेला. मऊ मनाचा माणूस तो, त्याला ते रडणं बघवेना. पण गेल्या वर्षीची ती संध्याकाळ त्याला आठवली. ते दोन दिवसही आठवले. हात खिशाशीच थांबला.

"नाही देणार," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"चालती हो!" नॉर्ब ओरडला, आणि बायको काय करेल या भीतीनं जीव खाऊन पळत सुटला.

मार्लीसनं तोंडातून जो शब्द काढला तो कठड्यापाशी उभ्या असलेल्या पाद्रीबाबांनी ऐकला नाही असं म्हणू या. मग ती त्याच्या मागे लागली. लोकांना तर मेजवानीच मिळाली! पुढे नारिंगी शर्टातला गुटगुटीत माणूस सपाता फडफडवत चाललाय, मागे दात-ओठ खात त्याची बायको. "पळ नॉर्ब!" म्हणून पुरुष ओरडत होते, "धर त्याला, मार्लीस!" म्हणून बायका ओरडत होत्या. "किल्ली!" "नाही!" "किल्ली दे, मेल्या!" "तूच सांगितलंयस!" असं करत दोघं पुलावरून गेली, उतार उतरली आणि शेवटचं वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली.

समोर निळी कमान होती. शेवटची रेषा! बँड वाजत होता. नॉर्बला हुंदका फुटला. आपण, नॉर्ब कुझावा, आता ती रेषा ओलांडणार. रेषेपलीकडे मेडलं लटकवून उभी असलेली मुलगीही त्याला दिसली.

"ए, नंबर कुठंय?" दोन स्वयंसेवक आडवे आले.

"कसला नंबर?"

"नंबर नसेल तर बाहेर व्हा, काका."

"अहो, मी चार मैल सांगतोय सगळ्यांना की मला बाहेर काढा! तेव्हा कुणी काढलं नाही! आता नाही जायचं मला!"

"नियम आहे." आणि त्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून कठड्याच्या फटीतून बाहेर सरकवलं.

मार्लीस येऊन पोहोचली. थांबलीच ती. कठड्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो. फट मोकळीच होती. एक पाऊल टाकलं असतं की ती बाहेर आली असती.

"किल्ली," ती म्हणाली. आता आवाजात रागही उरला नव्हता.

नॉर्बनं कमानीकडे बोट दाखवलं. "तिकडून फिरून ये. मग देतो."

तिनं कमानीकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं, त्याच्या शर्टाकडे, त्याच्या सपातांकडे. आणि गेली. रेषा ओलांडताना तिनं दोन्ही हात वर केले, आणि नॉर्ब कठड्याला टेकून सगळ्या अनोळखी माणसांच्या देखत रडला.

परत येताना बसमध्ये मार्लीस चंदेरी कागदाची शाल पांघरून, गळ्यात मेडल घालून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती.

"माझे बटाटे?"

"खाल्ले."

"वाटलंच मला." मग ती म्हणाली, "खरं सांगू? किल्ली राहिली बाजूला. नॉर्ब पळतोय म्हटल्यावर ते बघितल्याशिवाय मला मरणसुद्धा आलं नसतं."

घरासमोर रस्ता मोकळा झाला होता. बेव्ह आजी पेले गोळा करत होत्या. एल्डन मात्र अजून मार्लीसच्याच खुर्चीत होता. चष्म्याविना घरी जाणार कसा, म्हणून तो तिथेच थांबला होता. शेगडीवरचे सॉसेज संपले होते.

"तुमचा चष्मा," नॉर्ब म्हणाला आणि खिशात हात घातला. चष्मा निघाला. त्यानं दुसऱ्या खिशात हात घातला. तिथं बटाट्याचं साल निघालं. त्यानं पुन्हा पहिल्यात हात घातला. त्याचा चेहरा बदलत गेला.

"नॉर्ब," मार्लीस हळूच म्हणाली. "किल्ली कुठंय?"

एल्डननं चष्मा चढवला आणि कितीतरी वेळानं जगाकडे नीट बघितलं. मग पाठ धरून कण्हत उठला. "तुमची ही खुर्ची दुरुस्त करा बरं का, ताई," तो म्हणाला. "मला मघापासून खाली काहीतरी टोचतंय. म्हटलं, खिळा वर आला असेल."

खुर्चीत किल्ली पडली होती.

बेव्ह आजींनी घंटेची जीभ बोटानं धरून ठेवली. मार्लीस खुर्चीकडे बघत होती, मग दाराकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. बाविसाव्या मैलाला ती याच खुर्चीला हात टेकून रडली होती. हा माणूस नुसता उठला असता, तर ती आता टबात असती. तिनं किल्ली उचलली, मेडलाच्या फितीला अडकवली, आणि इतकी हसली की तिला कठड्यासारखं नॉर्बलाच धरावं लागलं.

"पुढच्या वर्षीही असाच पुढे पळ," दार उघडता उघडता ती म्हणाली. "किल्लीही अशीच खुर्चीवर टाकून जा. फक्त मला सांगू नकोस."

"पुढच्या वर्षी कशाला? उद्यापासूनच रोज पळणार आहे मी," नॉर्ब म्हणाला आणि जरा टेकावं म्हणून एल्डननं रिकामी केलेल्या खुर्चीत बसला. संध्याकाळी त्याला खुर्चीसकट उचलून घरात न्यावं लागलं.